ॲड. गणपतराव देशमुख: एसटी, साधेपणा सोडून बोलू या

काटेरी बाभूळ (धागाकर्ता)

गणपतराव देशमुखांचं नाव निघालं की व्हॉट्सॲपवर तोच मजकूर फिरतो. सांगोल्यातून अकरा वेळा आमदार, एसटीचा प्रवास, एकच पक्ष, एकच झेंडा आणि शेवटी ‘असे नेते आता होणे नाही’. ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी सोलापुरात ते गेले, तेव्हापासून जुलै संपत आला की हा मजकूर न चुकता येतो. त्यात खोटं फारसं नाही, पण तो वाचून माणूसही कळत नाही. नुसतं एसटीने फिरून विधानसभेत जाता आलं असतं तर निम्मे कंडक्टर आज आमदार असते.

म्हणून हा धागा. माझं म्हणणं थोडक्यात असं, की गणपतराव, म्हणजे सांगोल्याचे आबासाहेब, मुळात तालुक्याच्या कोर्टातले वकील होते आणि त्यांचं राजकारण शेवटपर्यंत वकिलाचंच राहिलं. अर्ज, नियम, तारीख, पाठपुरावा. मोठ्या सभा गाजवणारे नेते पश्चिम महाराष्ट्रात त्यांच्या काळात शेकड्याने होते, त्यातले किती टिकले?

गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, म्हणजे सांगोल्याच्या हिशेबाने पाव्हणाच. कायद्याची पदवी घेतली, सांगोल्यात वकिली मांडली आणि शेतकरी कामगार पक्षाचं काम धरलं. शेकाप तेव्हा नवा होता. १९४८ साली शंकरराव मोरे, केशवराव जेधे ही मंडळी काँग्रेसबाहेर पडली आणि स्वतंत्र पक्ष उभा राहिला, १९५० साली पक्षाची वैचारिक भूमिका मांडणारा दाभाडीचा प्रबंध आला. गंमत बघा, मोरे आणि जेधे दोघंही पुढे काँग्रेसमध्ये परत गेले. संस्थापक गेले आणि सांगोल्यातला हा वकील राहिला.

पहिला विजय १९६२ चा. ती निवडणूक काय होती हे आठवा. संयुक्त महाराष्ट्र मिळालेला, यशवंतराव चव्हाणांचा जोर, २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला. शेकापला १५, आणि तरीही विरोधकांत तोच सगळ्यात मोठा. त्या पंधरात हे एक. १९६७ ला पुन्हा आले. १९७२ ला पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि मग ७८, ८०, ८५, ९० सलग. १९९५ ला १९२ मतांनी हरले. १९९९ पासून २०१४ पर्यंत पुन्हा सलग चार. शेवटच्या निवडणुकीला वय नव्वदीला टेकलेलं होतं.

मंत्रिपद फक्त दोनदा: १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या. दोन्ही मिळून पाच वर्षं पण होत नाहीत. बाकी सगळी कारकीर्द विरोधी बाकावर, तीही छोट्या पक्षाच्या. अशा आमदाराच्या हातात असतं काय? निधी नाही, खातं नाही, मुख्यमंत्र्यांचा फोन नाही. तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी असते, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा. म्हणजे नियमांचं पुस्तक. ते ज्याला वाचता येतं त्याचं भाषण मंत्र्याला बसून ऐकावं लागतं, कारण उत्तर द्यावं लागतं. कोर्टात वाढलेला माणूस हे सहज करतो.

ज्यांनी सांगोला जवळून पाहिलाय त्यांनी लिहावं. आरती ओवाळायला नको आणि उगाच चिखलफेकही नको.

सोलापुरी चादर

+१. वाचनखूण साठवली.

वकिलांचं म्हणाल तर आपल्याकडे तोटा कधीच नव्हता. यशवंतराव कऱ्हाडला वकिली करायचे. अंतुले आणि बाबासाहेब भोसले बॅरिस्टर. शंकरराव चव्हाण, मनोहर जोशी, विलासराव, सगळे कायदा शिकलेले. आर. आर. पाटील पण एलएलबी, आणि तेही ‘आबा’च. फरक इतकाच की यातल्या बऱ्याच जणांसाठी कायदा ही मुंबईला जायची शिडी होती. हे सांगोल्यातच बसले.

तालुका कोर्ट

धागाकर्त्याचा मुद्दा बरोबर आहे, पण त्या काळातली तालुक्याची वकिली म्हणजे काय हे नव्या मंडळींना समजायला हवं. स्वतः याच पट्ट्यात प्रॅक्टिस करतो म्हणून लिहितो.

१ एप्रिल १९५७, कृषक दिन. कुळकायद्याप्रमाणे त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं, असं कायदा म्हणतो. कागदावर. प्रत्यक्षात पुढे त्या कायद्याच्या कलम ३२-ग ची चौकशी. न्यायाधिकरण म्हणून मामलेदार बसणार, कुळाला नोटीस काढणार, कूळ येऊन सांगणार की मला जमीन घ्यायची आहे, मग किंमत ठरणार, हप्ते पडणार, ते फिटले की ३२-म चा, म्हणजे खरेदीचा दाखला. आता यातली मेख बघा. कूळ तारखेला आलंच नाही, किंवा आलं आणि म्हणालं ‘मला नको’, तर खरेदी निष्प्रभ. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एका वाक्यात गेली.

आणि लोक म्हणायचे हो ‘मला नको’. मालक बाहेर बाकड्यावर बसलेला असायचा. त्याच्याच वाड्यावर सणाला बलुतं मागायला जायचं, पोरीच्या लग्नाला त्याच्याकडूनच उचल घ्यायची. आमच्या ऑफिसात जुन्या फायली आहेत, जबाबाच्या खाली अंगठा आणि वर कारकुनाच्या वळणदार अक्षरात ‘सदर जमीन खरेदी करण्याची माझी इच्छा नाही’. त्या कुळाने आयुष्यात ‘सदर’ हा शब्द तोंडातून काढला नसेल.

अशा ठिकाणी वकिलाचं काम कायद्याचा कीस पाडण्याचं नसतं. तारीख ध्यानात ठेवायची, कुळाला शेतातून उठवून आणायचं आणि मामलेदारासमोर ‘घ्यायची आहे’ एवढं मोठ्याने बोलायला लावायचं. त्या दशकात तालुक्याला वकिली केलेल्या प्रत्येकाने हा खेळ पाहिलेला आहे. शेकापचा कार्यकर्ता आणि तालुक्याचा वकील या दोन भूमिका तेव्हा एकाच सदऱ्याचे दोन खिसे होते.

हिशेबनीस

लेख चांगला आहे. आता थोडं पाणी ओततो.

एक, विक्रम. ‘देशात सर्वाधिक वेळा, करुणानिधींचा विक्रम मोडला’ असं पेपरांनीही छापलंय. करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा निवडून आले, मतदारसंघ बदलत का होईना. आणि एकाच मतदारसंघाचं म्हणाल तर केरळात के. एम. माणी. पाला मतदारसंघातून १९६५ पासून तेरा वेळा, २०१९ मध्ये मरेपर्यंत आमदार. तेही पेशाने वकील. ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा. तेव्हा महाराष्ट्रापुरतं बोला, तिथे अकरा हा आकडा भक्कम आहे.

दोन, जास्त महत्त्वाचं. माणसाने अर्धं शतक एका तालुक्याचं प्रतिनिधित्व केलं आणि एवढ्या काळात तिथला टँकर बंद झाला नाही. सांगोला २०१२-१३ लाही चारा छावण्यांच्या बातम्यांत होता. मग ‘पाठपुरावा’ कसला? मतदार प्रामाणिक माणसाला निवडून देतात ते चांगलंच, पण प्रामाणिकपणाने तलाव भरत नाहीत. शेजारी अकलूजला मोहिते-पाटलांनी सत्तेत राहून काय उभं केलं ते बघा.

खिलारी

हिशेबनीस साहेब, तुमी कुठनं लिवताय म्हाईत न्हाई. मी सांगोला तालुक्यातला, घरची डाळिंबाची बाग.

अकलूजला नीरेचा कालवा इंग्रजाच्या टायमापासनं हाय. आमच्याकडं माण नदी. माण नदीत वाळू असती, पाणी न्हाई. पाऊस आला तर परतीचा, न्हाईतर वरनंच ढग पंढरपुराकडं. तवा दोन तालुके एका तराजूत घालू नका.

आमच्या आजीनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली. सुकडी खाल्ली. नंतर तीच आजी रोजगार हमीच्या बांधावर हजेरीला जायची. नव्वद सालानंतर रोजगार हमीतनं फळबाग आली, खड्डं खणायचं पैसं सरकार देणार, रोपाचं पैसं देणार. वडलांनी गणेश जातीचं डाळिंब लावलं. पुढं भगवा जात आली. ज्या माळावर कुसळ उगवत नव्हतं तितं डाळिंब उभं ऱ्हायलं, कारण त्या झाडाला ताणच लागतो. बहार धरायच्या आधी पाणी तोडायचं, पानगळ करायची. आमच्याकडं ताण द्यायची गरजच न्हाई, तो आपोआप बसतोय.

माझ्या वडलांनी मृग बहार सोडून हस्त धरायला चालू केलं, पावसात तेल्या लई येतो म्हणून. एकदा तेल्या आला की फळावर तेलकट डाग, मग फळ उलतं, झालं. तीन दिसात बाग हातची जाती. ते सोसून पण लोकांनी पक्की घरं बांधली, पोरं शिकवली. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्यातनं बंगालात शालिमारला सुटली, ती काय हवेतनं न्हाई आली.

आबासाबांनी समदं केलं आसं म्हणत न्हाई. पण काईच न्हाई केलं म्हणणाऱ्यानं यकदा येऊन बघावं.

काटेरी बाभूळ

खिलारी, हेच हवं होतं. जरा साखळी जोडतो, कारण पुढची चर्चा याच्यावरच होणार.

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, याबद्दल वाद नाही. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तेव्हा सरकार कोणाचं होतं? पुलोदचं. आणि गणपतराव त्या मंत्रिमंडळात होते. ‘मागेल त्याला काम’ ही सरकारी मेहरबानी राहिली नाही, कायद्याने मिळालेला हक्क झाला. वकिलाला यातला फरक सांगावा लागत नाही. योजना मंत्र्याच्या मर्जीने बंद होते, कायदा बंद करायचा तर सभागृहात यावं लागतं आणि तिथे हे बसलेलेच असतात.

मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्यांनी आपल्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ बघा. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. १९७५ साली तो लागू झाला तो रोजगार हमीचा खर्च भागवायला. खिलारींच्या आजीची हजेरी त्यातून निघायची.

हिशेबनीस, माणींबद्दलची माहिती उत्तम. तो मजकूर आता ज्या ग्रुपवर दिसेल तिथे हे चिकटवतो.

पेणचा पाव्हणा

आमच्या रायगडातून दोन शब्द. शेकापचं दुसरं घर आमचं, म्हणून जरा जास्त दुखतं.

१९६२ ला १५, १९६७ ला १९, १९७२ ला ७, १९७८ ला १३. नंतर उतार. २०१४ ला तीन: पेण, अलिबाग आणि सांगोला. २०१९ ला एकच, तोही लोह्याचा. पक्षाची ही गत होत असताना गणपतराव निवडून येत राहिले, याचा अर्थ मतं पक्षाला नव्हती, त्यांना होती. मग प्रश्न असा की पन्नास वर्षांत शेजारच्या एका तरी तालुक्यात त्यांनी पक्ष का उभा केला नाही? आटपाडी, जत, मंगळवेढा, सगळीकडे तोच दुष्काळ, तेच धनगर-मराठा गणित. लाल बावटा सांगोल्याची वेस ओलांडून गेला नाही.

आणि २००२ आठवतंय का? रायगड जिल्हा परिषदेच्या राजकारणावरून राष्ट्रवादीशी बिनसलं, शेकापने विलासरावांचा पाठिंबा काढला. आमच्या अलिबाग-पेणच्या भांडणात सांगोल्याचं मंत्रिपद गेलं. त्यांनी निमूटपणे सोडलं. याला निष्ठा म्हणायचं की नाइलाज, तुम्हीच ठरवा. मला स्वतःला ती निष्ठाच वाटते, आणि त्या निष्ठेचा सांगोल्याला तोटा झाला असंही वाटतं.

उगाच विचारलं

१९९५ ला १९२ मतांनी हरले ते कोणाकडून? नाव का नाही लिहिलं?

सोलापुरी चादर

शहाजीबापू पाटील. होय, तेच. काय झाडी, काय डोंगर.

तेव्हा ते काँग्रेसचे होते. २०१९ ला शिवसेनेकडून उभे राहिले आणि आबासाहेबांच्या नातवाला ७६८ मतांनी हरवलं. दोन्ही वेळचा फरक मिळवला तरी हजार होत नाही. सांगोल्यात मतमोजणीला हृदयविकार असलेल्यांनी जाऊ नये.

हिशेबनीस

नातवाचा विषय निघालाच आहे तर तोही हिशेबात धरा. २०१९ ला वयामुळे ते थांबले, आधी दुसऱ्याचं नाव जाहीर झालं आणि मग बदलून घरात आलं. २०२४ ला डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले, म्हणजे पुन्हा नातूच, फक्त दुसरा. आज विधानसभेत शेकापचा जो एकमेव आमदार आहे तो हाच. तत्त्वनिष्ठ पक्षाचं शेवटी एका घराण्यात रूपांतर झालं. पवार, मोहिते, कदम यांना आपण घराणेशाहीवरून धुतो. इथे मात्र सगळे ‘वारसा’ म्हणतात.

तालुका कोर्ट

घराणेशाहीचा मुद्दा मान्य. फक्त एक भेद करा. बाकीच्या घराण्यांकडे कारखाना, बँक, दूधसंघ, मेडिकल कॉलेज असं सगळं असतं आणि मतदार कुठे ना कुठे त्यांच्या पगारावर किंवा कर्जावर असतो. इथे मुख्य संस्था म्हणजे शेतकरी सहकारी सूतगिरणी. बाकी महाराष्ट्रातल्या सहकारी सूतगिरण्यांची काय अवस्था आहे ते सहकार खात्यात कोणालाही विचारा. अवसायनात नाहीतर कुलूप. आणि ही चालली. तीही अशा तालुक्यात जिथे कापूस पिकत नाही, रुई बाहेरून आणायची, सूत विकायचं.

बखर वाचक

सूतगिरणीवर कोणीतरी सविस्तर लिहा ना. कापूस नसताना सूतगिरणी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला टायपो वाटला होता.

तालुका कोर्ट

थोडंसं सांगतो. दुष्काळी तालुक्यात साखर कारखाना काढणं म्हणजे ऊस लावा म्हणणं. ऊस आला की पाणी गेलं. सूतगिरणीला पाणी लागतं ते इतकं नाही, माणसं मात्र लागतात, तिन्ही पाळ्यांना. उसाच्या मागे न लागता रोजगार द्यायचा हा विचार मला तरी पटतो. सांगोल्यात सहकारी साखर कारखानाही झालाच होता, तो बरीच वर्षं बंद पडून होता. दोन्हींच्या नशिबाकडे बघून ज्याचं त्याने अनुमान काढावं.

बाकी गिरण्या बुडाल्या त्या यंत्रखरेदीत आणि भरतीत. गरजेपेक्षा दुप्पट माणसं, सगळी संचालकांची पाव्हणी. इथे काटकसर केली असं सगळेच म्हणतात. ताळेबंद समोर ठेवून कोणी अभ्यास केला तर तो एसटीच्या गोष्टीपेक्षा जास्त उपयोगी ठरेल.

काटेरी बाभूळ

हिशेबनीसांच्या ‘टँकर बंद झाला नाही’ याचं उत्तर राहिलंय.

कृष्णेच्या पाण्याचा बचावत लवादाचा निवाडा सत्तरच्या दशकातला. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट), आणि ते मे २००० पर्यंत अडवून वापरात आणायचं, त्यानंतर फेरविचार होणार. या मुदतीकडे मुंबईत किती जणांचं लक्ष होतं? १९९३ साली नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीत पाणी परिषद सुरू केली, तेरा दुष्काळी तालुक्यांची. गणपतराव त्यात पहिल्यापासून, पाणी चळवळीतले भारत पाटणकरही होते. मागणी साधी: कृष्णेचं पाणी खोऱ्यातल्या सगळ्यांना समान, नदीकाठच्या उसालाच सगळं नको. दर वर्षी माणसं आटपाडीत जमायची. मुदत जवळ आली तसं सरकार हललं. १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ, रोखे, टेंभू, म्हैसाळ.

आता टेंभूचा हिशेब बघा. पाणी उचलायचं कऱ्हाडजवळ कृष्णेतून आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत खानापूर, आटपाडी करत सांगोल्यात आणायचं. सांगोला शेपटाला. शेपटाच्या गावाला पाणी कधी मिळतं हे ज्यांच्या शेतावर चारी आहे त्यांना सांगायला नको. वरच्याने मोटार टाकली की खालचा कोरडा. शिवाय पंपाचं वीजबिल. थकलं की पंप बंद. पुढे ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने भरायचं असं ठरलं तेव्हा कुठे जरा नियमितपणा आला.

म्हणून ‘पन्नास वर्षांत काय केलं’ हा प्रश्न एकट्या आमदाराला विचारून भागत नाही. धरणं कुठे आणि कोणत्या कालव्याला आधी पैसे, हे ठरवणारी मंडळी कृष्णाकाठची होती. विरोधी बाकावरचा माणूस फार तर दर अधिवेशनात त्यांना ते ऐकवू शकतो.

हिशेबनीस

हे पटलं, अर्धं. पण मग माझाच मुद्दा सिद्ध होतो. निर्णय सत्तेत असणाऱ्यांनी केले, यांनी विरोधात राहायचं ठरवलं. १९७८ आणि १९९९, दोनदा सत्तेत होते, त्या काळात सांगोल्याच्या पाण्याचं किती पुढे सरकलं?

पेणचा पाव्हणा

पुलोद १८ जुलै १९७८ ला आलं आणि १७ फेब्रुवारी १९८० ला बरखास्त झालं. दीड वर्षात सरकारी फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते. नव्याण्णवचं वर सांगितलंच, ते आमच्यामुळे मोडलं.

खिलारी

पाणी आलंय ओ आता. शेपटाला का आसंना. बुद्धेहाळ तलावात टेंभूचं पाणी सोडलं तवा लोकं बघायला गेली. आमच्या चुलत्यानं नारळ फोडला. आणि त्यावरनं पण भांडणं, कुणी म्हणतंय आबासाबांनी आणलं, कुणी म्हणतंय बापूंनी. नारळ दोघांच्या बी नावानं फुटत्यात.

माझं म्हणणं वायलंच हाय. आता पाणी आलं तर लोकं ऊस लावायला लागल्यात. डाळिंबाला मर (झाडं वाळायचा रोग) लागली, बागा काढल्या, आणि त्याच रानात ऊस. आबासाब आसतं तर बोललं आसतं का न्हाई, म्हाईत न्हाई. त्यांच्या पाणी परिषदंत समान वाटप होतं, उसाला पाणी न्हवतं. त्यावर लिवा कुणीतरी.

बखर वाचक

हा धागा नेमक्या जागी आलाय. खिलारी, एकरी डाळिंबाला किती पाणी आणि उसाला किती, तुमच्याकडचा अनुभव लिहाल का? ठिबकवर.

खिलारी

ठिबकचा हिशेब पोरगं ठेवतंय, त्याला इच्यारून लिवतो. आत्ता बागंत फवारणी चालू हाय.

काटेरी बाभूळ

जरूर लिहा, वाट बघतो.

तोवर एक विनंती. २०१२ ला विधिमंडळाने त्यांचा पन्नास वर्षांबद्दल सत्कार केला, त्या दिवशीची भाषणं कोणी वाचलीयत का? विधानभवनाच्या ग्रंथालयात ज्यांना जाता येतं त्यांनी ती बघावीत, पण त्याआधी १९६२ ते ६७ च्या अधिवेशनांतले त्यांचे तारांकित प्रश्न काढावेत. सत्काराच्या भाषणांत सगळेच थोर असतात. कुळकायदा, सावकारी, पाझर तलाव यावर ते काय विचारत होते आणि मंत्री काय उत्तर देऊन सुटत होते, हे मला बघायचंय. आणि १९९५ च्या मोजणीची सोलापूरच्या पेपरांतली कात्रणं कोणाकडे असतील तर फोटो टाका.

सोलापुरी चादर

कात्रणं आमच्या वडिलांकडे आहेत, ट्रंकेत. फेरमोजणी झाली की नाही यावर ते आणि शेजारचे काका अजून भांडतात. दिवाळीत गावी गेलो की फोटो काढतो, वाळवीने ठेवली असतील तर.